डबीतलं बाळसं

साहेब, तुम्हाला सगळं माहीत होतं. नाही म्हणू नका. बनारसच्या भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, त्या धर्मशाळेच्या अंगणात, कौरवाल्या, म्हणजे घासवाल्या, बाबाच्या उजव्या हाताला लाल गादीची खुर्ची होती आणि तिच्यावर तुम्ही बसला होता. या शहरात औषध म्हणून जे जे विकलं जातं, वाटलं जातं, ते तपासायचं खातं तुमच्याकडे. एका डॉक्टरीणबाईनं तुम्हाला आधीच कळवलं होतं, की या बाबाच्या डब्यांत काय आहे ते एकदा बघा. तुम्ही बघितलं नाही. झेंडूचा हार घालून घेतलात, वाकून नमस्कार केलात, फोटो काढून घेतलात. पण बाबानं तुमच्या नातवासाठी म्हणून डबी पुढे केली, तेव्हा मात्र 'बाद में ले लूँगा' म्हणालात. ती काही घरी नेली नाहीत. दुसऱ्याच्या पोराला चालतं ते आपल्या पोराला चालत नाही, एवढी अक्कल तुम्हाला होती.

म्हणून ही गोष्ट आधी तुम्ही ऐका. खुर्चीवरून जे दिसलं नाही ते रांगेतून बघा.

चैत्राचं ऊन चढायला लागलं होतं. रांग धर्मशाळेच्या दारातून निघून खाली घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. बहुतेक बायकाच. प्रत्येकीच्या बोटाला किंवा कडेवर एक पोर आणि हातात डबा. डब्यात त्या पोराला नको असलेलं अन्न. बाबाचा नियमच होता: पोर ज्याला तोंड लावत नाही तेच आणायचं आणि हळद दुप्पट घालायची. 'माँ अन्नपूर्णा को पीला भाता है।' त्यामुळे खिचडी पिवळी, डाळभात पिवळा, दलियासुद्धा पिवळा. अंगणभर हळदीचा वास.

निवेदिताच्या डब्यात वरणभात होता. तिची मैत्रेयी साडेपाच वर्षांची. पोरगी कोरडा फुलका खायची, भाजलेले मखाने खायची, पेरू, काकडी आणि दूध. जे ओलं, मऊ, एकात एक कालवलेलं, त्याला हात लावायची नाही. पानात वरणभात पडला की ओठ असे मिटायचे, की जणू कुणी शिवून टाकलेत.

"आमच्या घराण्यात वरणभात न खाणारं पोर जन्माला आलं नाही," सासूबाई, प्रभावतीबाई, रोज म्हणायच्या. यांचं घराणं पेशव्यांच्या काळात काशीला आलेलं, त्यामुळे घराण्याचा दाखला सारखा तोंडात. मग सुरू व्हायचं जेवणाचं युद्ध. आधी चिऊकाऊ, मग मोबाइल, मग धाक, शेवटी नाक दाबून घास कोंबणं. पोरगी ओकायची, आजी रडायची, आई ताट आपटायची. बाप देवव्रत रेल्वेच्या ऑफिसातून दमून यायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. शेजारणी खिडकीतून सुनावायच्या, "बहू नौकरी करती है न, बच्ची बेचारी क्या खाए!"

निवेदिता बँकेत होती, माहेर वर्ध्याचं. बोलणी खाऊन खाऊन ती आतून पिचली होती. मुलांच्या डॉक्टर मुक्ताबाई सप्रे यांनी तिला सरळ सांगितलं होतं, "उंची वाढतेय, वजन वाढतेय, दिवसभर जिना चढउतार करते. हिला काही झालेलं नाही. ताट वाढा, समोर तुम्ही जेवा, नको म्हणाली तर ताट उचला. बस्स."

प्रभावतीबाई घरी येऊन म्हणाल्या, "ही कसली डॉक्टर? साधं औषधसुद्धा लिहिलं नाही!"

आणि म्हणून आज ही रांग.

रांगेत पुढे एक बाई होती. कडेवर पोर, चेहऱ्यावर सगळ्या जगाचं दुःख. नाव सांगितलं गंगा मौसी. "क्या करें दीदी, मेरा नाती भी नहीं खाता," म्हणत तिनं प्रभावतीबाईंचा हात धरला तो सोडलाच नाही. "आप मराठी लोग हैं न? आपके यहाँ अन्नप्राशन कैसे होता है?"

प्रभावतीबाईंना कुणी विचारायचाच अवकाश होता. "आमच्यात उष्टावण म्हणतात. पहला घास मामा देतो, सोने की अंगूठी से खीर चटाता है. पण आमच्या मैतूचा मामा आलाच नाही ना! लॉकडाऊन था. हिचा भाऊ सुमंत तिकडे वर्ध्याला अडकला. मग बापानंच भरवला. मी म्हणत होते थांबा, हिनं ऐकलं नाही."

"आई, सगळ्या गल्ल्या बंद होत्या तेव्हा," निवेदिता म्हणाली.

"हो ना, तुझं सगळं बरोबरच असतं."

गंगा मौसीनं सुस्कारा सोडला. नातवाला सू लागली म्हणून रांगेतून बाहेर पडली आणि धर्मशाळेच्या मागच्या दारानं आत गेली. रांगेतल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

बाबा पन्नाशीचा, तुकतुकीत. गालात पान. मांडीशी चांदीचं पानदान, त्यातल्या चुन्यात बोट बुडवून ते पानाला पुसायची त्याला सारखी सवय. बनारसात पान खाणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? पान न खाणाऱ्याकडे बघतील.

मैत्रेयीला समोर बसवलं. बाबानं डोळे मिटले.

"पहला कौर..." बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पहला कौर जिस हाथ से आना था, उस हाथ से नहीं आया. मामा... मामा का हाथ खाली रह गया, माई!"

प्रभावतीबाईंनी पदर तोंडात कोंबला. निवेदिता दचकून पुढे सरकली. हे इथं कुणाला माहीत असणार? घरच्यांशिवाय कुणालाच नाही. मग या माणसाला कसं कळलं? शिकलेली बाई, दिवसभर हिशेबातल्या चुका शोधणारी. पण अर्ध्या तासापूर्वी सासूबाई रांगेत काय बडबडल्या ते तिला त्या घटकेला आठवलं नाही. भीतीचं असंच असतं. आधी आठवण खाते, मग अक्कल.

बाबानं डब्यातला एक घास उचलला. पिवळाधमक. मुठीत दाबला, बोटांनी चोळला, मूठ उघडली. घास लाल झाला होता. ओल्या जखमेसारखा लाल.

"देखो! भूख का खून हुआ है! बच्ची की भूख बाँध दी गई है!"

"जय माँ अन्नपूर्णा!" अंगण उसळलं. साहेब, तेव्हा तुम्हीसुद्धा हात जोडलेत.

बाबानं घास घाटाकडे भिरकावला आणि एक छोटी पत्र्याची डबी प्रभावतीबाईंच्या ओंजळीत टाकली. "भस्म है. सुबह-शाम शहद में. और सुनो, एक दिन भी नागा नहीं. नागा हुआ तो जो बाँधनेवाला है वो दुगुना होकर लौटेगा."

एका दिवसाचा खाडा केलात तर दुप्पट होऊन परत येईल, हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं. सगळ्या फसवणुकीतलं तेवढंच वाक्य खरं होतं.

चार-सहा दिवसांत मैत्रेयी जेवायला लागली. नुसती जेवायला नाही, मागायला लागली. "आजी, भूक." वरणभात वाढला, चाटूनपुसून खाल्ला. दुपारी भूक, तिन्हीसांजेला भूक, झोपेतून उठून भूक. गाल वर आले, हनुवटीखाली वळी पडली. प्रभावतीबाई दारातून जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून दाखवायच्या, "बघा, कसं बाळसं धरलंय!" डबी संपली की नवी यायची. गल्लीतल्या तीन घरांतून पोरं बाबाकडे गेली, ती यांच्या शब्दावर.

आणि निवेदिता? खोटं कशाला बोला, ती सुखावली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला कुणी नावं ठेवत नव्हतं. दोन महिने तिनं त्या सुखावर काढले.

मग तिला एकेक दिसायला लागलं. चेहरा वाढत होता, हातपाय मात्र काटकीच. गालांवर बारीक लव आली होती. जिना धावत चढणारी पोर मधल्या पायरीवर बसून धापा टाकायची. फुलका यायला जरा उशीर झाला की किंचाळायची, स्वतःच्या हाताला चावायची.

"अहो, ही मैतू नाही वाटत मला," तिनं देवव्रतला सांगितलं.

"आता खातेय तर तेही नको का तुला?"

"आई, आपण ते भस्म थांबवू या."

"खबरदार!" प्रभावतीबाई उसळल्या. "नागा नहीं म्हणालेत ते. पोर उपाशी होती तेव्हा तुला बघवत होतं, आता खाते ते बघवेना?"

दुसऱ्या दिवशी निवेदितानं डबीतलं भस्म मोरीत ओतलं आणि डबीत उदबत्तीची राख भरली. गुपचूप. सासूबाई तीच राख मधातून चाटवत राहिल्या.

श्रावणातला सोमवार होता. मैत्रेयीला आदल्या रात्री बारीक ताप आला होता. सकाळी तिनं दूध ओकून टाकलं. मग पाणी ओकलं. दुपारी मान टाकली. हात गार, ओठ पांढरे, हाक मारली तर डोळे अर्धेच उघडायचे.

"मैतू! ए मैतू!" निवेदितानं तिला हलवलं. पोर चिंधीसारखी हलली.

प्रभावतीबाईंनी कपाळाला हात लावला. "परत आलं ते. दुगुना होकर लौटेगा म्हणाले होते. पण आपण तर एक दिवसही चुकलो नाही..." सुनेच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "निवेदिता? काय केलंस तू?"

"मी बदललं. राख भरली डबीत."

सासूबाईंनी असा टाहो फोडला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. "मारलंस! पोटची पोर मारलीस! देवू, उचल तिला, धर्मशाळा पाच मिनिटांवर आहे. बाबा वाचवतील. माझ्याकडे नवी डबी आहे, आधी चाटवते!"

त्या डबी उघडायला लागल्या. निवेदितानं त्यांचं मनगट धरलं. पण तिच्याही मनात तेच आलं होतं: थांबवलं मी आणि पडली पोर. बाबा खरा असेल तर? आपल्या शहाणपणापायी ही जाणार असेल तर? डबी दीड हातावर होती. चाटवून बघायला काय जातं?

"देवव्रत," ती म्हणाली. अहो नाही, अगदी नावानं. "मुक्ताबाईंकडे. आत्ता."

खिडकीतून कुणी ओरडलं, "बाबा के पास ले जाओ! देर मत करो!"

देवव्रतनं एकदा आईकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग त्यानं पोर खांद्यावर टाकली. "आई, बाजूला हो. डबी दे इकडे. तीसुद्धा दाखवू."

गल्लीत गाडी येत नाही. वर रस्त्याला गंगाजळ नेणाऱ्या कावडियांचा लोंढा, बांबूचे अडथळे, 'बोल बम'चा गजर. तिघं त्या गर्दीला कापत निघाली. प्रभावतीबाई अनवाणी मागे पळत होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, "आता मी काय करू, आता मी काय करू." ई-रिक्षावाल्यानं पोरीचं तोंड बघितलं आणि न विचारता गाडी उलटी फिरवली.

डॉ. मुक्ताबाईंनी मैत्रेयीचा चेहरा बघितला. गाल, हनुवटी, लव. मग रक्तदाब बघितला आणि सलाइन लावता लावता विचारलं, "काय देत होता? आधी खरं सांगा, रडा नंतर."

"भस्म," निवेदिता म्हणाली. "चैत्रापासून. आणि परवा मी बंद केलं."

"कौरवाला बाबा?"

देवव्रतनं डबी पुढे केली. बाईंनी ती उघडली, बोटावर चिमूटभर घेऊन बघितली. राखेत पांढरी कणी चमकत होती. त्यांनी नर्सला एक इंजेक्शन सांगितलं. तासाभरात मैत्रेयीच्या ओठांना रंग आला. संध्याकाळी तिनं डोळे उघडून "आई" म्हटलं.

बाहेरच्या बाकावर मुक्ताबाईंनी तिघांना बसवलं.

"ऐका. राखेत गोळ्या कुटून घातल्यात. एक भूक वाढवणारी, दुसरी स्टेरॉइड. रक्त तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण असलं पोर हे पहिलं नाही माझ्याकडे. तुम्हाला दिसलं ते बाळसं नव्हे, सूज होती."

"पण मग बंद केल्यावर पडली का?" प्रभावतीबाईंनी विचारलं. तो प्रश्न तिघांच्याही मनात होता.

"स्टेरॉइडसारखं एक द्रव्य आपलं शरीर रोज स्वतः बनवतं. त्याच्यावर माणूस उभा असतो. बाहेरून आयतं मिळायला लागलं की बनवणाऱ्या ग्रंथी झोपी जातात. मग बाहेरचं एकदम थांबवलं, वर ताप आला, की शरीरात ते ना बाहेरचं ना घरचं. पोर कोसळते. मी आत्ता इंजेक्शनातून तेच दिलंय, मोजून. आता हळूहळू कमी करत न्यायचं, काही महिने. ग्रंथी जाग्या होईपर्यंत."

"म्हणजे त्याची डबी चाटवली असती तर..." देवव्रत अडखळला.

"तर कदाचित उठून बसली असती. आणि तुम्ही जन्मभर त्याचे पाय धुऊन प्यायला असता. 'नागा नहीं' हे तो उगाच नाही सांगत. त्याला पक्कं माहीत आहे." मग त्या निवेदिताकडे वळल्या. "संशय आला ते बरोबर. गुपचूप थांबवलं ते चूक. डबी घेऊन त्याच दिवशी माझ्याकडे यायचं होतं."

निवेदितानं मान हलवली. तिला या दोन वाक्यांनी जेवढं बरं वाटलं तेवढं कुणाच्या कौतुकानं कधी वाटलं नव्हतं.

पोर अजून दवाखान्यातच होती. एका सकाळी प्रभावतीबाई नळावर तिचा फ्रॉक धूत होत्या. फ्रॉकवर वरणाचा पिवळा डाग. साबण लावला आणि डाग लाल झाला. त्या तशाच थांबल्या. आयुष्यभर असे डाग धुतले होते, लाल झालेले बघितले होते, पाण्यात पुन्हा पिवळे झालेले बघितले होते.

"निवेदिता," त्यांनी हाक मारली, "हळदीला साबण लागला की लाल होते. त्याच्या हाताला साबण कुठे होता गं?"

निवेदिता डागाकडे बघत राहिली. "साबण नाही, आई. चुना. पानाचा."

"आणि मामाचं..." प्रभावतीबाईंनी फ्रॉक खाली ठेवला. "मामाचं मीच सांगितलं. त्या रांगेतल्या बाईला."

तीन दिवसांनी दोघी धर्मशाळेत गेल्या. रांग तशीच, डबे तसेच, अंगणाला हळदीचा वास तसाच. बाबा एका लहानग्याच्या खिचडीतला घास उचलणार, तेवढ्यात निवेदिता पुढे झाली.

"बाबा, पहले हाथ धो लीजिए."

"क्या?"

"हाथ. पानी से, रगड़कर. फिर कौर उठाइए."

"साधू का हाथ सदा पवित्र होता है, बेटी."

मागून एक म्हातारा पानाची पिंक सांभाळत, आपल्या बायकोचा दाखला देत म्हणाला, "अरे गुरू, हमरी मेहरारू तो बिना हाथ धोए थाली नहीं देती! धो लो, क्या जाता है?" लोक हसले. बाबाच्या चेल्यांनी निवेदिताला ढकलायला हात उचलला, तशा चार बायका मध्ये पडल्या. एकीनं तांब्या पुढे केला. बाबाला हात धुवावे लागले.

त्यानं घास उचलला. दाबला. चोळला. मूठ उघडली. पिवळा. पुन्हा चोळला. पिवळाच. त्याचा हात सवयीनं पानदानाकडे गेला, पण तिथं आधीच प्रभावतीबाईंचा हात होता.

"पहले कौर, बाद में पान," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतः चुन्यात बोट बुडवलं, पिवळ्या घासावर चोळलं आणि हात वर धरला. लाल. "देखो! मेरे हाथ से भी खून निकला! मैं भी बाबा बन गई!"

"वो औरत कहाँ गई, नातीवाली?" प्रभावतीबाईंनी विचारलं. रांगेतली एक म्हणाली, "अरे, वो तो कल दूसरा बच्चा लेकर बैठी थी!" मागचं दार सताड उघडं होतं आणि गंगा मौसी नव्हती.

अंगणाचा नूर पालटला. निवेदितानं डब्यांत काय आहे ते सांगितलं, मैत्रेयीचं काय झालं ते सांगितलं. एक तरुण आई किंचाळली आणि तिनं आपली डबी फरशीवर आपटायला हात उगारला. दुसरीनंही.

"फेंको मत!" निवेदिता जीव तोडून ओरडली. आदल्या आठवड्यातला पोरीचा गार हात तिला पुन्हा हातात जाणवला. "डिब्बी मत फेंको! अपने मन से बंद भी मत करो! बच्चे को और डिब्बी को लेकर आज ही अस्पताल चलो. मैंने बंद किया था, मेरी बच्ची मरते मरते बची!"

बायका थबकल्या. त्या गडबडीत बाबा मागच्या दारानं गेला. जाऊ दे म्हणवत नाही, पण त्या घटकेला बाबापेक्षा पोरं महत्त्वाची होती. त्या दिवशी मुक्ताबाईंच्या दारात रांग लागली. डबी आणि पोर, डबी आणि पोर.

मैत्रेयी घरी आली. औषधाची मात्रा उतरत गेली तशी सूज उतरली, खा खा ओसरली. एक दिवस पानातला वरणभात तिनं बोटानं लांब सारला. "नको. मला फुलका." प्रभावतीबाईंनी फुलका वाढला आणि डोळ्यांना पदर लावला. कुणी चिऊकाऊ केलं नाही, कुणी नाक दाबलं नाही. देवव्रतनं टीव्ही बंद ठेवला. तिनं दीड फुलका खाल्ला, पेरू खाल्ला, आणि जिना चढून गच्चीवर पळाली.

आईबापहो, आजीआजोबांनो, कमी खाणारं पोर बांधलेलं नसतं, बाधलेलं नसतं. कुणाला मऊ नको असतं, कुणाला हिरवं नको असतं. पोरांनाही जीभ असते. वजनकाट्यावर बघा, खेळताना बघा, शंका आली तर डॉक्टरला विचारा. आणि जो माणूस एका चिमटीत भूक आणून देतो, त्याला आधी विचारा, चिमटीत काय आहे? उत्तर देणार नसेल तर ती पोराच्या ओठाला लावू नका. लावली असेल तर लाजू नका, लपवू नका. डबी घेऊन दवाखान्यात जा.

आता साहेब, तुम्ही.

त्या अंगणात बनारसची पोरं होती तशी जौनपूरची होती, मिर्झापूरची होती, गाझीपूरच्या पलीकडच्या खेड्यांतली होती. बाबा पळाला ही बातमी तिकडे पोचेल. एखादी आई संतापून डबी गंगेत फेकून देईल, तिला वाटेल पोर सुटलं. तीन दिवसांनी ते पोर मान टाकेल. तिथं मुक्ताबाई नाहीत. तिथली आजी म्हणेल, बाबाला सोडलं म्हणून झालं. तुमच्याकडे गाड्या आहेत, माणसं आहेत, कर्णे आहेत, प्रत्येक तालुक्यात तुमच्या खात्याची पाटी आहे. डबी फेकू नका, पोराला दवाखान्यात न्या, एवढं एक वाक्य गावोगाव ओरडून सांगायचं आहे.

ते सांगायला तुमची पहिली गाडी कधी निघतेय? हार घालून घेताना जेवढे ताठ बसला होता, तेवढेच ताठ उभे राहा आणि उत्तर द्या.